वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटरसायकलला ऑइल कोणतं घालावं?

या महिन्यात ऑइलबद्दल बरीच पत्रं आली. बहुतेकांना कंपनीचं नाव हवं आहे. नाव सांगून काम भागत नाही. जुन्या गाडीत ते ऑइल कोणत्या बेअरिंगवर जाणार, वाटेत फिल्टर कोणता आणि क्लच त्याच ऑइलात बुडतो का, या तीन गोष्टींवर निवड ठरते. म्हणून उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न (सातारा) : माझ्याकडे १९८४ची बुलेट ३५० आहे, जुन्या कास्ट आयर्न इंजिनची. एक मिस्त्री साधं २०डब्ल्यू-५० सांगतो, दुसरा फुल सिंथेटिक घाला म्हणतो, तिसरा म्हणतो सिंथेटिकने क्लच सरकेल. खरं कोणाचं?

पहिल्याचं. क्लचची भीती मात्र या गाडीला लागूच होत नाही. जुन्या बुलेटमध्ये ऑइलचे तीन वेगवेगळे खाने आहेत : इंजिन, डावीकडचा प्रायमरी चेनकेस (इंजिनकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनचा बंद कप्पा) आणि गिअरबॉक्स. क्लच चेनकेसमध्ये आहे, त्यामुळे इंजिनचं ऑइल त्याच्यापर्यंत पोचत नाही. हल्लीच्या गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअरला एकच ऑइल असतं. तिथला सल्ला उचलून इथे लावला की घोळ होतो.

इंजिनात २०डब्ल्यू-५० मिनरल घाला. डब्यावर एपीआय या दर्जाच्या शिक्क्यापुढे एसजी, एसजे किंवा एसएल असलं तरी चालेल. रिकाम्या इंजिनात साधारण सव्वादोन लिटर बसतं.

५० ग्रेडच का, तर या इंजिनाच्या बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला, रोलर नाहीत, फ्लोटिंग बुश आहे. क्रँकपिन आणि कनेक्टिंग रॉड यांच्यामध्ये हा बुश ऑइलच्या थरावर तरंगत फिरतो. तो थर तुटला की धातूला धातू लागतो आणि बुश गेलाच. पंपही सावकाश चालणारा, प्लंजरचा आहे. त्याचा दाब फार नसतो. १०० अंशांवर मोजलं तर ४० ग्रेडचं ऑइल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (घट्टपणाचं माप) भरतं आणि ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९. ३० ग्रेड तर १२.५च्या खालीच असतं. घाटात तापलेल्या एअर-कूल्ड इंजिनात पातळ ऑइल बुशच्या कडांनी निसटतं आणि पंपाला ती गळती भरून काढता येत नाही.

पुढचा २०डब्ल्यू हा आकडा थंडीतला. २०डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे १५ अंशांवर होते, १०डब्ल्यूची उणे २५वर. महाबळेश्वरच्या थंडीतसुद्धा २०डब्ल्यू पुरून उरतं. तेव्हा १०डब्ल्यू किंवा १५डब्ल्यूसाठी जादा पैसे देऊन आपल्याकडे काही पदरात पडत नाही.

फुल सिंथेटिकने इंजिन बिघडणार नाही. पण सिंथेटिकची खरी किंमत वसूल होते ती लांब अंतराने ऑइल बदलताना. या गाडीत फिल्टर लहान, पेट्रोलची मिसळण जास्त आणि कार्बनही जास्त, त्यामुळे दोन हजार किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी ऑइल काढावंच लागतं. महागडं एकदा घालण्यापेक्षा साधं दोनदा बदललेलं इंजिनाला जास्त मानवतं. नवीन बोअर-पिस्टन टाकलं असेल तर सिंथेटिक अजिबात नको. मिनरलवर रिंगा बसू द्या आणि पहिलं ऑइल पाचशे किलोमीटरच्या आत काढा.

बदलताना असं करा. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा, म्हणजे गाळ ऑइलात मिसळलेला राहतो. मधल्या स्टँडवर घ्या. क्रँककेसखाली दोन प्लग आहेत, एक ऑइलच्या खान्याचा आणि एक क्रँकच्या खान्याचा. दोन्ही उघडा. पुष्कळ ठिकाणी एकच उघडतात आणि जुनं काळं ऑइल आतच राहतं. मग नवीन ऑइल आठ दिवसांत काळं झालं म्हणून ऑइलला दोष. प्लगचे वॉशर नवीन घाला. आतला धागा ॲल्युमिनियमचा आहे, तेव्हा पाना हाताच्या अंदाजाने आवळा. पाइप लावून जोर केलात तर धागा निघून येईल.

उजवीकडे टायमिंग कव्हरच्या खालच्या भागात फिल्टर असतो. पंपाकडून आलेलं ऑइल आधी या फिल्टरमधून जातं आणि मग बिग एंडला. म्हणून फिल्टर काढताना स्प्रिंग, वॉशर आणि टोपी ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने कापडावर मांडा. क्रम चुकला तर ऑइल एकतर फिल्टर चुकवून जातं, नाहीतर अडतं. फेल्टचा फिल्टर धुऊन पुन्हा वापरण्याची सवय सोडा, नवीन फार महाग नाही.

आता महत्त्वाचं. फिल्टरची पोकळी रिकामी असताना गाडी चालू केली तर ती भरेपर्यंत बिग एंड कोरडा फिरतो. दोन लिटर ऑइल घाला, पेट्रोलचा कॉक बंद करा, स्विच बंद ठेवा आणि डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) दाबून पंधरा-वीस वेळा सावकाश किक फिरवा. मग गाडी चालू करून कमी आयडलवर ठेवा आणि हेडकडे जाणाऱ्या बारीक पाइपचा बँजो बोल्ट (आतून ऑइल जाऊ देणारा पोकळ बोल्ट) किंचित सैल करा. एक-दोन मिनिटांत तिथे ऑइल पाझरलं पाहिजे. नाही पाझरलं तर इंजिन लगेच बंद करा आणि फिल्टर पुन्हा उघडून बघा. सगळं ठीक असेल तर शेवटी डिपस्टिक बघून उरलेलं भरा. रॉकेल घालून इंजिन ‘धुणं’ नको. खालच्या कप्प्यात राहिलेलं रॉकेल नवीन ऑइल पातळ करतं.

चेनकेसमध्ये वेगळं ऑइल लागतं आणि क्लचचा प्रश्न इथे येतो. साधारण ४०० ते ४५० मिली बसतं, पण माप लेव्हल प्लगने ठरवा. जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं ऑइल घ्या. एमबी घेऊ नका, ते घर्षण कमी करण्यासाठी बनवलेलं असतं आणि क्लचप्लेटा सरकतात. मॉली किंवा टेफ्लॉनची बाटली तर इथे चुकूनही ओतू नका.

प्रश्न (नागपूर) : आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. बुलेटला उन्हाळ्यापुरतं २०डब्ल्यू-६० घालावं का?

इंजिन धडधाकट असेल तर गरज नाही. ऑइल किती तापतं हे हवेपेक्षा इंजिनावरच्या ताणावर जास्त ठरतं. ठिणगीचं टायमिंग मागे पडलं असेल, मिश्रण कोरडं (पेट्रोल कमी, हवा जास्त) असेल किंवा हेडला थंड ठेवणाऱ्या पात्यांत चिखल वाळून बसला असेल तर आधी ते बघा. ऑइल घट्ट करून तो ताप कमी होत नाही. बिग एंडला थोडी ढिलाई आली आहे, आवाज आहे, पण एक हंगाम काढायचा आहे, अशा इंजिनात ६० ग्रेडने आवाज थोडा दबतो. मात्र झीज थांबत नाही, हे धरून चला.

प्रश्न (रत्नागिरी) : पावसाळाभर गाडी उभी होती. आता डिपस्टिकला ऑइलच लागत नाही आणि जमिनीवर एक थेंबही नाही. अर्धा लिटर भरू का?

भरू नका. ऑइल गाडीतच आहे, फक्त जागा बदलून. उभ्या बुलेटमध्ये ऑइलच्या खान्यातलं ऑइल पंपाच्या फटीतून हळूहळू क्रँकच्या खान्यात उतरतं. अशा वेळी वरून भरलं की गाडी चालू केल्यावर एकूण ऑइल जास्त होतं. मग ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) फवारा उडतो आणि मागचं टायर तेलकट होतं, त्यात घसरून पडण्याचा धोका खरा आहे.

डीकॉम्प्रेसर दाबून दहा-बारा किका फिरवा, मग गाडी चालू करा. पहिली काही मिनिटं निळा-पांढरा धूर येईल, त्याने घाबरू नका. पाच मिनिटं चालू ठेवून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग डिपस्टिक बघा. हेच खरं माप. दोन-तीन महिन्यांत ऑइल उतरणं साधारण आहे. दोन-तीन दिवसांत डिपस्टिक कोरडी पडत असेल तर पंपाच्या डिस्कवर चरे पडले आहेत किंवा तिची स्प्रिंग मेली आहे. पंप उघडावा लागेल.

कोकणातली गाडी आहे म्हणून आणखी एक. फिलर कॅपच्या आत साईसारखा पांढरट थर दिसला तर ती ओल आहे. बाजारापर्यंतच्या दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही आणि वाफ आतच थिजते. थर पातळ असेल तर वीस किलोमीटरची एक सलग फेरी पुरते. सगळं ऑइलच दुधट झालं असेल तर ते काढूनच टाका.

प्रश्न (अहिल्यानगर) : जुन्या गाडीला सगळीकडून गळती आहे. घट्ट ऑइल घातलं तर थांबेल का?

थोडी मंदावेल, थांबणार नाही. सगळीकडून एकदम गळती म्हणजे गॅस्केटांपेक्षा ब्रीदरवर जास्त संशय घ्या. पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली हवा दाबली जाते आणि ती बाहेर जायला ब्रीदर असतो. त्याच्या टोकाला रबरी चोच असते. ती हवा बाहेर सोडते पण आत घेत नाही. रबर कडक झालं किंवा चिकटलं की दाब वाट शोधतो, आणि मग पुशरॉडच्या नळीपासून टायमिंग कव्हरपर्यंत सगळं ओलं. आधी ती चोच बदला, पाइप फुंकून साफ करा, इंजिन बाहेरून धुऊन कोरडं करा आणि शंभर किलोमीटर चालवा. एवढ्यावर निम्मी गळती गेलेली दिसेल. उरलेल्या जागा मग नेमक्या सापडतात.

चेनकेसची पातळी वाढते आणि इंजिनची घटते, असं होत असेल तर ड्राइव्ह बाजूचं, म्हणजे चेनकेसकडचं, क्रँकचं सील गेलं आहे. त्याला कोणतंही ऑइल उपाय नाही.

प्रश्न (सोलापूर) : गिअरबॉक्सला ९० नंबर घालतात. ते इंजिनच्या ५०पेक्षा जवळजवळ दुप्पट घट्ट ना? मग किक जड होणार नाही?

नाही. गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल यांच्या मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. ९० नंबरचं गिअर ऑइल १०० अंशांवर १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक भरतं, म्हणजे इंजिनच्या ४०-५०च्या आसपासच. १४० मात्र खरंच घट्ट आहे, २४च्या पुढे.

इथे आकड्यापेक्षा जीएल, म्हणजे गिअर ऑइलचा दर्जा, बघा. जुन्या गिअरबॉक्समध्ये ब्राँझचे बुश असतात. जीएल-५ ऑइलमध्ये जड दाबासाठी गंधक-फॉस्फरसची मात्रा जास्त असते आणि गरम झाल्यावर ती तांबं-पितळ खाऊ शकते. ते ऑइल ट्रक-जीपच्या डिफरन्शियलसाठी आहे. जुन्या मोटरसायकलला जीएल-४ घ्या. दुकानदार नुसतं ‘ईपी ९०’ म्हणून डबा पुढे करतो, मागची बाजू वाचल्याशिवाय घेऊ नका.

बुलेटच्या जुन्या चार गिअरच्या पेटीत पूर्वी पातळ ग्रीस घालायचे, त्यामुळे तिची सीलं ऑइलसाठी तितकी घट्ट नाहीत. नुसतं ऑइल घातलं की किकच्या शाफ्टपाशी पाझरतं. थोडा पाझर सोसा, पातळी महिन्याला बघा. चाकाच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस कोंबणं हा उपाय नव्हे. गिअर त्यात खाच पाडून फिरतात आणि ग्रीस कडेला तसंच बसून राहतं, दात कोरडे.

प्रश्न (कोल्हापूर) : वडिलांची जावा २५० परत रस्त्यावर आणली आहे. जुने लोक पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली ऑइल घाला म्हणतात, पंपावरचा माणूस २० मिली पुरे म्हणतो. आणि गिअरला काय घालू?

जुन्यांचं माप त्यांच्या काळात बरोबर होतं. तेव्हा पेट्रोलमध्ये साधं ३०-४० नंबरचं इंजिन ऑइलच मिसळत आणि त्याला १:२५, म्हणजे लिटरला ४० मिली लागायचं. आजचं टू-टी, म्हणजे जावासारख्या टू-स्ट्रोक इंजिनांचं ऑइल वेगळं आहे, ते कमी मात्रेत टिकतं आणि जळताना राख-कार्बन कमी सोडतं. जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलं घ्या आणि लिटरला ३० ते ३३ मिली ठेवा, म्हणजे साधारण १:३०. नव्या बोअरला पहिले पाचशे किलोमीटर ४० मिली. २० मिली हे माप नव्या बनावटीच्या इंजिनांचं आहे. जावाच्या क्रँकला आणि लोखंडी बोअरला तेवढ्यावर सोडू नका. बोटींच्या आउटबोर्ड इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ ऑइल किनारपट्टीवर सहज मिळतं, तेही इथे नको. पाण्याने थंड राहणाऱ्या इंजिनांसाठी आहे ते.

‘जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित’ हाही गैरसमज. ऑइल वाढवलं की कार्ब्युरेटरच्या जेटमधून जाणाऱ्या दर थेंबात पेट्रोल कमी होतं, म्हणजे मिश्रण कोरडं होऊन इंजिन तापतं. शिवाय सायलेन्सर कार्बनने तुंबतो आणि गाडी ओढत नाही. ६० मिलीवर चालणाऱ्या गाडीचा पिस्टन जाम झाल्यावर लोक आणखी ऑइल वाढवतात, तेव्हा दोष जेटमध्ये असतो.

टाकीत थेट ऑइल ओतू नका, ते तळाशी बसून कॉकमध्ये शिरतं. वेगळ्या कॅनमध्ये अर्धं पेट्रोल आणि सगळं ऑइल घेऊन खळखळून हलवा, मग उरलेलं पेट्रोल. गाडी लावताना कॉक बंद करण्याची सवय ठेवा. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसह तळाला वेगळं होतं, आणि त्या थरात ऑइल जवळजवळ नसतं. कॉकमधून आधी तोच थर जातो. म्हणून मिसळलेलं पेट्रोल महिनाभरापेक्षा जास्त टाकीत ठेवू नका.

घाट उतरताना एक काळजी घ्या. या इंजिनाला वंगण पेट्रोलबरोबरच मिळतं. आंबोली किंवा गगनबावड्याच्या उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून गिअरवर गाडी सोडली तर इंजिन वेगाने फिरतं आणि ऑइल जवळजवळ बंद. दर थोड्या वेळाने थ्रॉटल जरा उघडत राहा.

गिअरबॉक्स, प्रायमरी चेन आणि क्लच यांना या गाडीत एकच ऑइल आहे, साधारण एक लिटर. बुलेटच्या नेमकं उलट. म्हणून इथे ईपी ९० नको, क्लचप्लेटा चिकटतात. जावात गिअरचा लिव्हर दाबला की क्लचही आपोआप सुटतो, त्यामुळे प्लेटा चिकटायला लागल्या की गिअर पडताना धक्का बसतो आणि न्यूट्रल सापडत नाही. साधं ४० नंबरचं मोनोग्रेड (एकाच आकड्याचं) किंवा जासो एमएचं २०डब्ल्यू-४० घाला. पंधराशे-दोन हजार किलोमीटरला बदला, कारण क्लचचा चुरा त्याच ऑइलात फिरतो आणि फिल्टर नाही.

हे ऑइल काढताना वास घ्या, त्यातून बरंच कळतं. पेट्रोलचा वास आला आणि पातळी वाढलेली दिसली, किंवा उलट बाहेर गळती नसताना पातळी घटते आणि धूर थांबत नाही, तर डावीकडचं क्रँकचं सील गेलं आहे. पहिल्यात मिश्रण क्रँककेसमधून गिअरकडे ढकललं जातं, दुसऱ्यात इंजिन गिअरचं ऑइल शोषून जाळतं. सील बदला. तोवर टू-टीचं माप बदलून काही साधणार नाही.

प्रश्न (पणजी) : घराच्या पडवीत अनेक वर्षं पडून असलेली बीएसए एम२० मिळाली. इंजिन हाताने फिरतं. जुन्या गाडीला डिटर्जंट ऑइल चालत नाही असं ऐकलं. काय घालून चालू करू?

अजून काहीच घालू नका, आधी उघडा. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बनलेल्या या ५०० सीसीच्या साइड व्हॉल्व्ह गाड्या नंतर मुलकी हातात आल्या. त्यांत कागदी किंवा फेल्टचा फिल्टर नसतो, तारेची जाळी तेवढी असते. ती खडे अडवते, बारीक गाळ नाही. त्या काळच्या साध्या ऑइलात गाळ तळाशी बसून राहायचा. डिटर्जंट ऑइल तो सोडवून वाहतं ठेवतं. तुम्ही ऐकलं त्यात तथ्य आहे ते एवढंच : मळक्या इंजिनात एकदम डिटर्जंट ऑइल गेलं की कित्येक वर्षांचा गाळ एकाच वेळी सुटतो आणि बिग एंडकडे जाणारं भोक बुजवू शकतो. साफ केलेल्या इंजिनात मात्र डिटर्जंट ऑइलच उत्तम.

तेव्हा ऑइलची टाकी उतरवून तळाचा डांबरासारखा थर पेट्रोलने धुऊन काढा आणि पूर्ण वाळवा. पाइप बदला, जुनं रबर आतून सोलतं आणि तुकडा पंपात जातो. इंजिनखालची पत्र्याची झाकणी काढा. तिथे जाळी आहे आणि ऑइल परत ओढणाऱ्या नळीत एक गोळी असते. बारीक तारेने ती वर ढकलून बघा. सुटी हलली पाहिजे. चिकटलेली असेल तर ऑइल टाकीत परतत नाही, खालीच साचतं आणि धूर होतो.

इंजिन पूर्ण खोलून साफ करणार असाल तर नंतर २०डब्ल्यू-५० मिनरल. खोलण्याची तयारी नसेल आणि आधी फक्त चालवून बघायचं असेल, तर ४० किंवा ५० नंबरचं मोनोग्रेड घ्या. त्यातही डिटर्जंट असणारं आणि नसणारं, दोन्ही मिळतं. एपीआय एसए किंवा एसबी म्हणजे नसणारं, सीएफ किंवा पुढचं म्हणजे असणारं. तात्पुरत्या चाचणीला डिटर्जंट नसणारं चालेल. टाकीत सुमारे पावणेतीन लिटर बसतं.

स्पार्क प्लग काढा, बोअरमध्ये दोन चमचे ऑइल सोडा आणि गाडी गिअरला न घालता किकने फिरवत राहा. टाकीचं झाकण उघडून आत परतीच्या नळीकडे बघा. ऑइल थांबत-थांबत, हवेबरोबर उडत येताना दिसलं पाहिजे. ते दिसल्यावरच प्लग लावून गाडी चालू करा आणि चालू झाल्यावर पुन्हा तिथेच बघा. पहिलं ऑइल शंभर किलोमीटरला काढा आणि जाळी पांढऱ्या कापडावर झटका. काळा चिकट गाळ असेल तर तो जुनाच, आणखी दोनदा ऑइल बदलून कमी होईल. चुंबकाला चिकटणारे चकचकीत पोलादी पापुद्रे निघाले तर बिग एंडचे रोलर किंवा त्यांचा ट्रॅक सुटू लागला आहे. मग गाडी तिथेच थांबवा आणि क्रँक बाहेर काढा.